स्कूनर एक, नावं चार, पकड तीनदा

प्रश्न एका छंदी गृहस्थांचा आहे. ते लाकडी जहाजांची मॉडेल्स करतात आणि सध्या त्यांच्या टेबलावर ‘लिव्हरपूल पॅकेट’ आहे, म्हणजे १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धात गाजलेली नोव्हा स्कोशियाची (आजच्या कॅनडातली, तेव्हाची ब्रिटिश वसाहत) स्कूनर, दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट. वाचताना त्यांच्या लक्षात आलं की ही बोट तीनदा पकडली गेली, चार नावांनी फिरली, आणि शेवटी मालकाने आपलीच बोट दुसऱ्यांदा पैसे मोजून घेतली. ते विचारतात: शत्रूची बोट हाती लागली तर ती बुडवत का नसत? स्वतःच्या देशाच्या नौदलाने सोडवून आणलेली बोट मालकाला तशीच परत का नाही मिळाली? माझी चोरलेली स्कूटर पोलिसांना सापडली तर सुपुर्दनाम्यावर मला मिळते, मग स्कूनरला वेगळा न्याय का? आणि तिसरं, मॉडेलच्या मागे नाव कोणतं रंगवू?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मुंबईत तीसेक वर्षं अ‍ॅडमिरल्टीची वकिली केली, म्हणजे जहाजं अडकवणं, सोडवणं आणि लिलावात काढणं. त्यामुळे या स्कूनरकडे मी तोफांच्या बाजूने कमी आणि कागदाच्या बाजूने जास्त बघतो. माझ्या मते तिची गोष्ट कळायची तर तेच दार योग्य आहे. समुद्रावर मिळतो तो फक्त ताबा. मालकी मिळते कोर्टात, हुकूमनामा झाल्यावर. ही बोट तीनदा पकडली गेली असं आपण म्हणतो, पण तिचं आयुष्य तीनदा बदललं ते किनाऱ्यावर, न्यायाधीशासमोर आणि लिलाववाल्याच्या हातोड्याखाली.

आधी आमच्या धंद्यातली एक विचित्र गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या दाव्यात प्रतिवादी माणूस नसतो, जहाज असतं. दावा जहाजावर लागतो, अटकही जहाजालाच होते. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेला खटला ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ याच नावाने ओळखला जातो. ते जहाज गोव्यात मार्मागोव्याला माल भरून निघालं होतं आणि पुढे विशाखापट्टणमला अडकलं. नवीन असताना मी एकदा शेरिफच्या बेलिफाबरोबर लाँचने नांगरवाड्यावरच्या एका मालवाहू जहाजाला वॉरंट लावायला गेलो. जून महिना, लाँच वरखाली होतेय, दोरशिडी ओली. बेलीफ पन्नाशीचा, पाठीला बॅग, तोंडात सुपारी, माझ्याआधी वर पोचला. त्याने व्हीलहाउसच्या काचेवर सेलोटेपने वॉरंट चिकटवलं (जुन्या काळी ते डोलकाठीला ठोकत) आणि कॅप्टनने आम्हाला चहा दिला. परत निघताना लाँच जहाजाच्या पिछाडीखालून गेली तेव्हा बेलिफाने बोट वर केलं. “साहेब, वाचा.” नव्या नावाच्या पांढऱ्या अक्षरांखाली जुन्या नावाची वेल्डिंगने उठवलेली अक्षरं रंगातून फुगून दिसत होती. आणि माझ्या दाव्यात होतं जुनंच नाव. आधीच्या बंदरात ते बदललं होतं आणि मी तपासलं नव्हतं. दुरुस्ती करून नवं वॉरंट घेण्यात दोन दिवस गेले आणि अशिलाने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून कुठलंही जहाज दिसलं की मी आधी त्याची पिछाडी बघतो.

या स्कूनरचं पहिलं नाव ‘सेव्हर्न’. ब्रिटनने १८०७ साली गुलामांचा व्यापार बेकायदा केला, अमेरिकेनेही १ जानेवारी १८०८ पासून माणसं आयात करायला बंदी घातली. कायदा झाला तरी धंदा थांबला नाही, तो चोरून आणि चपळ बोटींतून चालू राहिला. ‘सेव्हर्न’ अशा धंद्यातली अमेरिकन बोट. १८११ मध्ये ती ब्रिटिश नौदलाच्या ‘टार्टारस’च्या हाती लागली. ही पहिली पकड, आणि तेव्हा दोन्ही देशांत युद्ध सुरूही झालं नव्हतं. बोट नोव्हा स्कोशियाच्या राजधानीत, हॅलिफॅक्सला आणली. तिथल्या व्हाइस-अ‍ॅडमिरल्टी कोर्टाने (वसाहतीतलं जहाजांच्या खटल्यांचं कोर्ट) जप्तीचा निकाल दिला आणि नोव्हेंबरमध्ये लिलाव झाला. घेणारा एनॉस कॉलिन्स, जन्म १७७४, मूळ गाव लिव्हरपूल. इंग्लंडचं नव्हे, नोव्हा स्कोशियाचं. तिथेही नदीचं नाव मर्सीच, त्यामुळे वाचताना घोटाळा होतो. चारशेहून थोड्या अधिक पौंडांत बोट त्याची झाली. इतकी स्वस्त का, याचं एक कारण तिच्या पोटातली दुर्गंधी. ज्या होल्डमध्ये माणसं कोंबून नेली, तिथला वास लाकडात मुरलेला होता. व्हिनेगर, डांबर आणि गंधकाची धुरी देऊन तो घालवला असं सांगतात. लोकांनी तिला ‘ब्लॅक जोक’ असं टोपणनाव ठेवलं ते वेगळंच.

आकार डोळ्यांसमोर आणा. लांबी ५३ फूट, वजनमाप ६७ टन. मिरकरवाड्याला किंवा ससून डॉकला उभा असलेला मोठा ट्रॉलर साधारण याच लांबीचा असतो. एवढ्याशा बोटीत पाच छोट्या तोफा आणि चाळीसेक माणसं. मॉडेल करणाऱ्याला एक सांगतो, तोफा मोठ्या करण्याचा मोह टाळा. या बोटीचं खरं हत्यार तिची शिडं होती. दोन डोलकाठ्या, मागे कललेल्या, आणि शिडं बोटीच्या लांबीला धरून लावलेली. चौकोनी शिडांच्या मोठ्या जहाजाला वारा पाठीशी किंवा बाजूला लागतो. स्कूनर मात्र वाऱ्याच्या तोंडाजवळ बरीच चढून जाते. आपल्या कोकणातल्या मचव्याच्या तिरक्या शिडाला हे चांगलं जमतं, म्हणून किनाऱ्यावरच्या वाचकाला जास्त समजवायला नको. मोठ्या जहाजाला जिथे वळसा घालावा लागतो तिथून ही बोट सरळ निघून जाते, आणि उथळ पाण्यात शिरली की मागचा पाठलाग सोडून देतो.

कॉलिन्स आणि त्याच्या भागीदारांनी तिला आधी सरळ कामाला लावलं. लिव्हरपूल ते हॅलिफॅक्स टपाल, माल आणि उतारू, म्हणून नाव ‘लिव्हरपूल पॅकेट’. पॅकेट म्हणजे टपालाची बोट. जून १८१२ मध्ये अमेरिकेने युद्ध पुकारलं, आणि महिना संपायच्या आत ‘बेल्व्हिडेरा’ ही ब्रिटिश फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) मार खाऊन हॅलिफॅक्सला पोचली तेव्हा बातमी पक्की झाली. ऑगस्टमध्ये या टपालाच्या बोटीला लेटर ऑफ मार्क मिळालं. हा कागद म्हणजे शत्रूचा व्यापार पकडण्याचा सरकारी परवाना. तो असेल तर तुम्ही प्रायव्हेटियर, नसेल तर चाचे. गळफास आणि नफा यांच्यामध्ये तेवढा एकच कागद असायचा. तो घेताना मालकांना जामीनकीही लिहून द्यावी लागे, की तटस्थांना छळणार नाही आणि पकडलेलं प्रत्येक जहाज कोर्टापुढे आणीन.

इथे एक गंमत झाली, गंमत म्हणजे आमच्यासारख्यांना वाटते ती. लंडनला या युद्धाची घाई नव्हती, तडजोड होईल अशी आशा होती. अमेरिकेविरुद्ध सरसकट पकडीचा हुकूम निघाला थेट १३ ऑक्टोबर १८१२ ला. स्कूनर तर ऑगस्टअखेरच बाहेर पडलेली आणि सप्टेंबरपासून बोटी पकडून पाठवतेय. त्या पहिल्या पकडी कोर्टात लटकल्या, कारण हुकूम नसताना पकडलेलं जहाज राजाचं की पकडणाऱ्याचं, हा प्रश्न उभा राहतो. खलाशाने जीव धोक्यात घालून पकडलेली बोट गोदीत उभी, आणि त्याला दिडकी मिळत नाही. तारीख पे तारीख हा प्रकार आपणच शोधला असं कुणी समजू नये.

कॅप्टन जोसेफ बार्स. लिव्हरपूलचाच, जन्म १७७६, आधीच्या युद्धात प्रायव्हेटियरवर तयार झालेला. कॉलिन्सही तरुणपणी अशाच बोटीवर लेफ्टनंट होता, म्हणजे मालकाला धंदा ऐकीव नव्हता. बार्सने जागा निवडली केप कॉड. नकाशा काढून बघा, मॅसॅच्युसेट्सचा समुद्रात वळलेला हात. न्यू यॉर्ककडून बॉस्टनला जाणाऱ्या प्रत्येक किनारी बोटीला या हाताला वळसा घालावा लागे. बार्स तिथे दबा धरून बसायचा. पीठ, मका, मासळी, लाकूडफाटा असा रोजचा माल घेऊन चाललेल्या छोट्या बोटी, बहुतेक बिनतोफांच्या. नऊ-दहा महिन्यांत पकडींची संख्या तीसच्या वर गेली. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत ओरड झाली की केपच्या मानेतून कालवाच काढा. (कालवा झाला, पण १९१४ साली.)

मात्र पकड म्हणजे चित्रातल्यासारखं तोफांचं युद्ध असं समजू नका. बहुतेक वेळा एक गोळा पुढून टाकायचा, समोरचा शिडं उतरवतो, संपलं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पकडलेली बोट घरी न्यायला आपली माणसं द्यावी लागतात. एक प्राइझ-मास्टर, म्हणजे पकडलेली बोट घरी नेणारा प्रमुख, आणि चार-पाच खलाशी. चाळीस माणसांतून अशा सहा पकडींना माणसं वाटली की आपल्या स्कूनरवर उरतात दहा-बारा. मग ना तोफा चालवता येतात ना पाठलाग. म्हणून प्रायव्हेटियरची फेरी अन्न संपल्याने क्वचित संपते, माणसं संपल्याने संपते. जोखीमही मोठी. वाटेत शत्रूचं जहाज भेटलं तर पकड गेली आणि तिच्यावरची आपली माणसंही गेली. मॉडेलवर माणसं उभी करणार असाल तर कुठल्या दिवसाचं दृश्य आहे ते आधी ठरवा. निघतानाचं असेल तर डेक गच्च भरलेला हवा, परतीचं असेल तर जवळजवळ ओसाड.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बुडवत का नसत? बुडवलेल्या बोटीचे पैसे मिळत नाहीत. प्रायव्हेटियरवर पगार नसतोच, वाटा असतो. बोट आणि माल विकून आलेल्या रकमेतून खर्च गेला की साधारण निम्मं मालकांना आणि निम्मं कॅप्टन-खलाशांना. ती विक्री कोर्टाच्या निकालाशिवाय होत नाही, आणि बोट बंदरात आणल्याशिवाय निकाल नाही. म्हणून शत्रूची बोट अंड्यासारखी जपून आणायची. उलट उदाहरण पाहायचं तर अमेरिकन नौदलाची ‘आर्गस’. १८१३ च्या उन्हाळ्यात तिने खुद्द ब्रिटिश बेटांच्या पाण्यात वीसेक जहाजं धरली आणि बहुतेक जाळली, कारण घर अटलांटिकपलीकडे होतं आणि हुकूम नुकसान करण्याचा होता. सरकारला ते परवडतं. कॉलिन्ससारख्या व्यापाऱ्याला अशा जळत्या बोटीत आपलं भांडवल दिसतं.

प्राइझ कोर्टाचं, म्हणजे पकडलेल्या जहाजांचा निकाल देणाऱ्या कोर्टाचं, काम कसं चाले, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे माझा जीव रमतो. पकडलेल्या बोटीतले सगळे कागद, म्हणजे नोंदणी, मालाच्या बिल्टी, पत्रं, आहेत तसे कोर्टात द्यायचे आणि काही फाडलं किंवा लपवलं नाही असं प्रतिज्ञापत्र करायचं. मग पकडल्या गेलेल्या बोटीच्या कॅप्टनला आणि दोन-तीन माणसांना ठरलेल्या छापील प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. जन्म कुठे, कुटुंब कुठे राहतं, बोट कुणाची, कुठून कुठे चालली होती, माल कुणाच्या जोखमीवर, पकडताना कुठला झेंडा होता. पहिला पुरावा नेहमी पकडल्या गेलेल्यांच्या तोंडून आणि त्यांच्याच कागदांतून घ्यायचा, पकडणाऱ्याची फुशारकी नंतर. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. माल तटस्थाचा निघाला तर सोडायचा. शत्रूचा निघाला तर जप्तीचा हुकूम आणि लिलाव, आणि तो लिलाव सगळ्या जगाविरुद्ध चालतो. आधीचा मालक, सावकार, विमेवाला, कुणाचाही दावा त्या बोटीला चिकटून राहत नाही. आजही आमच्या कोर्टाच्या लिलावात जहाज घेणारा याच भरवशावर पैसे मोजतो.

हॅलिफॅक्सच्या या कोर्टात तेव्हा न्यायाधीश होते अलेक्झांडर क्रोक. त्यांच्यासमोर एक विलक्षण पकड आली होती. ‘मार्क्विस दे सोमेरुएलेस’ या जहाजात इटलीहून फिलाडेल्फियाच्या कला अकादमीला चाललेली २१ चित्रं आणि ५२ मुद्राचित्रं सापडली. क्रोकनी ती अमेरिकेला परत पाठवायचा हुकूम दिला. कला सगळ्या मानवजातीची, ती लुटीचा माल नव्हे, असा निकाल. वस्तुसंग्रहालयांच्या कायद्यावर बोलणारे लोक तो अजून दाखला म्हणून देतात. पण हे न्यायाधीश आणि त्यांचे कारकून प्रत्येक खटल्यामागे फी घेत, त्यामुळे कोर्ट जितकं गजबजेल तितकं त्यांचं भलं, हेही विसरू नये. माल्टाच्या कोर्टातल्या खर्चाचं बिल लॉर्ड कॉक्रेन या नौदल अधिकारी खासदाराने १८११ साली पार्लमेंटात उलगडून दाखवलं होतं, आणि ते जमिनीवर लांबच लांब पसरत गेलं. बिल बघून अशिलाचे डोळे पांढरे होतात ही परंपरा जुनी आहे, मी ती मोडली असा माझा दावा नाही.

दुसरी पकड जून १८१३ ची. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मेनच्या पाण्यात ‘लिव्हरपूल पॅकेट’ला पोर्ट्समथची, म्हणजे न्यू हॅम्पशरच्या पोर्ट्समथची, ‘टॉमस’ ही प्रायव्हेटियर स्कूनर भेटली. बोट मोठी, तोफा आणि माणसं दोन्ही कितीतरी जास्त. बार्सने पळायचा प्रयत्न केला, बोट हलकी व्हावी म्हणून तोफा समुद्रात लोटल्या, पण काही तासांत गाठला गेला आणि झेंडा उतरवावा लागला. ज्या माणसाने वर्षभर न्यू इंग्लंडची झोप उडवली होती तो बेड्यांत पोर्ट्समथला आला. तिथल्या लोकांनी त्याचं कसं ‘स्वागत’ केलं असेल ते सांगायला नको. बरेच महिने कैद, मग पॅरोल, म्हणजे पुन्हा लढाईला उतरणार नाही हा शब्द.

बोटीवर तिकडेही तसाच खटला झाला. अमेरिकन कोर्टाने निकाल दिला, लिलाव झाला आणि तिला अमेरिकन परवाना मिळाला. टपालाची बोट जी शत्रूचा काळ झाली होती, ती आता मूळ धन्याच्या गावकऱ्यांवर सुटली. नाव ठेवलं ‘यंग टीझर्स घोस्ट’, यंग टीझरचं भूत. हे नाव कुठून आलं ते सांगायलाच हवं. ‘यंग टीझर’ ही दुसरी एक अमेरिकन प्रायव्हेटियर. २७ जून १८१३ ला ‘ला होग’ या ७४ तोफांच्या युद्धनौकेने तिला नोव्हा स्कोशियाच्या माहोन उपसागरात कोंडलं. बोटीवरचा लेफ्टनंट जॉन्सन आधी एकदा पकडला गेला होता आणि पॅरोल मोडून आला होता. पुन्हा सापडला तर फाशी. त्याने तोफांच्या दारूगोळ्याच्या कोठारात निखारा टाकला असं सांगतात. ३८ पैकी ३० माणसं जागीच गेली. त्या खाडीत जळतं जहाज दिसतं अशी आख्यायिका तिथल्या लोकांत अजून आहे. पोर्ट्समथकरांनी त्या सूडाच्या नावाने बोट बाहेर काढली, पण भुताला शिकार काही मिळाली नाही. पुन्हा विक्री, पुन्हा नाव, ‘पोर्ट्समथ पॅकेट’. चौथं.

ऑक्टोबर १८१३ मध्ये माउंट डेझर्ट बेटाजवळ तिसरी पकड. तेरा तासांच्या पाठलागानंतर ब्रिटिश नौदलाच्या ‘फँटोम’ने तिला धरलं. आणि ही ‘फँटोम’ तरी कोण? मूळची फ्रेंच प्रायव्हेटियर, १८१० मध्ये ब्रिटिशांनीच पकडून आपल्या आरमारात घेतलेली. नाव तेवढं तेच ठेवलं. म्हणजे एका पकडलेल्या जहाजाने दुसऱ्या पकडलेल्या जहाजाला पकडलं.

आता स्कूटरचा प्रश्न. तुमचा तर्क चुकलेला नाही, ब्रिटिश कायदाही मुळात तसाच होता. युरोपात काही ठिकाणी चोवीस तास शत्रूच्या ताब्यात राहिली की जुन्या मालकाचा हक्क संपला असा नियम होता. ब्रिटनने आपल्या प्रजाजनांसाठी तो सौम्य केला. आपली बोट शत्रूने नेली आणि आपल्यापैकी कुणी सोडवली, तर ती मूळ मालकाला परत. सोडवणाऱ्याला फक्त मेहनताना द्यायचा. राजाच्या जहाजाने सोडवली तर किमतीचा आठवा हिस्सा, खासगी जहाजाने सोडवली तर सहावा. सुपुर्दनाम्याहून थोडं महाग, एवढंच. या हिशोबाने कॉलिन्सला आठवा हिस्सा भरून आपली बोट मिळायला हवी होती.

अडलं ते अपवादावर. शत्रूने मध्यंतरी ती बोट लढाऊ जहाज म्हणून सज्ज करून बाहेर काढली असेल, तर ती परत मिळत नाही. मग ती शत्रूचं हत्यार म्हणून पकडली गेलेली, आणि पूर्ण बक्षीस पकडणाऱ्याचं. ‘पोर्ट्समथ पॅकेट’ तोफा लावून, परवाना घेऊन निघाली होती. अमेरिकनांनी तिला साधी मालवाहू म्हणून वापरलं असतं तर कॉलिन्सचे बरेच पैसे वाचले असते. नियमामागचा विचार रोकडा आहे. रिकाम्या मालवाहू बोटीमागे जाणं सोपं. तोफा रोखलेल्या बोटीशी भिडायचं तर खलाशाला पूर्ण वाटा दिसायला हवा. तुमच्या स्कूटरच्या भाषेत सांगायचं तर चोराने तिच्यावर मशीनगन लावून पोलिसांवर चालून यावं, असा हा प्रकार आहे. हॅलिफॅक्सला ती पुन्हा लिलावात आली, कॉलिन्स आणि मंडळींनी पुन्हा बोली लावली आणि ती पुन्हा ‘लिव्हरपूल पॅकेट’ झाली.

आपल्याकडच्या एका जहाजाची इथे आठवण होते. कंपनीचं ‘रेस्टोरेशन’ तुळाजी आंग्र्यांनी पकडून आपल्या आरमारात घेतलं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या तोफांनी विजयदुर्गाखाली त्याच जहाजाने पेट घेतला आणि आग पसरून सगळं आरमार खाक झालं. पण त्या मोहिमेची खरी इंग्रजी बाजू निघण्याआधीच मुंबईत दिसली. आरमार आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लूट कशी वाटायची ते आधीच कागदावर ठरवलं होतं. दहा लाख रुपयांच्या आसपास मिळालं, वाटलं गेलं, आणि मोहिमेत सामील असलेल्या पेशव्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. आधी करार, मग तोफ, हा त्यांचा क्रम सगळ्या समुद्रांवर सारखाच होता.

बाकीची कहाणी झटकन. नवा कॅप्टन केलेब सीली, सेंट जॉनचा, वयाने पंचविशीतला. त्याने डझनभराहून जास्त पकडी मिळवल्या आणि एकूण आकडा पन्नासच्या आसपास गेला. बार्सचं काय झालं? त्याला पकडणारी ‘टॉमस’ त्याच उन्हाळ्यात ब्रिटिशांनी पकडली. हॅलिफॅक्सच्या लिलावात लिव्हरपूलकरांनी ती घेतली, नाव ठेवलं ‘वुल्व्हरीन’, आणि १८१४ मध्ये तिचा कॅप्टन म्हणून पॅरोल विसरून बार्स समुद्रावर निघाला. ज्या डेकवरून आपल्याला बेड्या पडल्या त्याच डेकवर हुकूम सोडत. नंतर तो शेतीकडे वळला आणि १८२४ मध्ये वारला. ‘फँटोम’ १८१४ च्या नोव्हेंबरात हॅलिफॅक्सजवळ प्रॉस्पेक्टच्या खडकांवर फुटली. कॉलिन्सने १८२५ मध्ये भागीदारांबरोबर हॅलिफॅक्स बँकिंग कंपनी काढली. १८७१ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला तेव्हा ब्रिटिश उत्तर अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याची ख्याती होती. त्याच्या बँकेची दगडी इमारत हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर अजून उभी आहे, शेजारी प्रायव्हेटियरांचं गोदाम. स्कूनर युद्धानंतर जमैकात किंग्स्टनला विकली गेली.

आता मॉडेलची पिछाडी. १७८६ च्या ब्रिटिश नोंदणी कायद्याने नाव आणि बंदर पिछाडीवर ठळक जागी रंगवणं सक्तीचं होतं. काळी पट्टी, तिच्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं, उंची किमान चार इंच. तुमचं मॉडेल १:४८ चं असेल तर अक्षर दोन मिलिमीटरच्या जरा वर येईल. तीन शून्य ब्रश आणि भिंग लागेल. केप कॉडची बोट दाखवायची तर ‘लिव्हरपूल पॅकेट’ लिहा, पाचही तोफा ठेवा. १८१३ च्या उन्हाळ्यातली दाखवायची तर ‘यंग टीझर्स घोस्ट’, वर अमेरिकन झेंडा, आणि त्या झेंड्यावर तेव्हा पंधरा तारे आणि पंधरा पट्टे होते, तेरा नव्हे. इथे बरेच जण चुकतात.

मी करत असतो तर काय केलं असतं सांगतो. त्या काळी जुनं नाव खरवडून वर रंग देत. आधी ‘सेव्हर्न’ दाट रंगात लिहा, वाळू द्या, बारीक पॉलिश पेपरने जवळजवळ घासून टाका. त्यावर काळा हात. मग पुढचं नाव, तेही घासा. चारही नावं झाली की पाचव्या थरावर पुन्हा ‘लिव्हरपूल पॅकेट’ पिवळ्यात लिहा आणि व्हार्निश पातळ ठेवा. समोरून एकच नाव वाचता येईल. दिवा बाजूने धरला की खालची अक्षरं वर येतील. फोटो मात्र नक्की पाठवा, पिछाडीचा.